परसातली रानफुले व इतर मिळकत

मी, खाली सही करणारा, उभा जन्म लोकांचे केस कापून आता घरी बसलेला म्हातारा, राजीखुशीने हे मृत्युपत्र लिहून ठेवतो. नाव व पत्ता सोबतच्या कागदावर आहे. डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखलाही जोडला आहे. डॉक्टरांनी आजची तारीख विचारली ती मी चुकलो. मग ते म्हणाले, शाळेतली एखादी कविता येते का? तिसऱ्या कवितेनंतर त्यांनीच हात जोडून दाखला दिला. माझ्यावर कोणाचे दडपण नाही. बायको घाई करते आहे, पण ती जेवण निवते म्हणून.

कलम १. राहते घर स्वकष्टार्जित आहे. चतुःसीमा: पूर्वेस रस्ता, दक्षिणेस बेकरीची भिंत, पश्चिमेस मागची गल्ली, उत्तरेस शेजारी राहणाऱ्या निवृत्त मोजणीदारांचे घर. या घरात माझ्या पत्नीने तहहयात राहावे. तिला कोणी 'आता तुमचं वय झालं, इकडे या, तिकडे चला' असे म्हणू नये. तिच्यानंतर घर आमच्या एकुलत्या एका मुलाचे. परसाची जागा मात्र या कलमात धरू नये. तिच्याविषयी पुढे सविस्तर लिहिले आहे.

कलम २. बँकेत जे काही असेल ते पत्नीचे. ते तिनेच साठवले, पासबुकावर नाव तेवढे माझे होते. माझ्या धंद्याच्या पडत्या काळात तिने लोकांचे कपडे शिवून घर चालवले आणि एकदाही ते बोलून दाखवले नाही. बाकी सगळे बोलून दाखवले. दोन्हींबद्दल मी तिचा ऋणी आहे.

कलम ३. दुकानातली फिरती खुर्ची, मोठा आरसा, वस्तरे आणि कात्र्या माझ्या कारागिराला द्याव्यात. तो माझ्यापेक्षा चांगले केस कापतो, हे मी त्याला कधी सांगितले नाही, कारण त्याने ते लगेच गिऱ्हाइकांना सांगितले असते. आता सांगून टाकतो. त्याची माझ्याबद्दल एकच तक्रार होती, की मी गिऱ्हाइकांना कविता ऐकवतो. त्याला वाटे, लोक सोसतात. मी म्हणायचो, अरे, त्यांना आवडतात. तो म्हणायचा, "काका, वस्तरा गळ्याशी असताना कवितेला नको कोण म्हणेल?"

कलम ४. शाळेतले कवितांचे पुस्तक, ज्याला आता पुठ्ठा नाही आणि शेवटची काही पानेही नाहीत, ते नातीला. ते बाईंनी मला शाळा सुटली तेव्हा दिले. सुटली म्हणजे माझी, कायमची. वडील गेले होते आणि दुकानात हात हवा होता. त्या पुस्तकातली फुले मी आमच्या भागात खूप शोधली. एकही सापडले नाही. आणि शाळेच्या वाटेवर कुंपणाच्या कडेने जी उगवत, त्यांच्यावर पुस्तकात एकही कविता नव्हती. मी बाईंना कारण विचारले. बाई म्हणाल्या, "त्यांच्याकडे अजून कोणी नीट बघितलं नसेल. तू बघ." मला आयुष्यात मिळालेले हे सर्वांत मोठे काम. नातीने ते पुढे चालवावे असा आग्रह नाही. पुस्तक मात्र पावसाळ्यात उघडे ठेवू नये.

कलम ५. आता परस.

दुकान सोमवारी बंद असे. सोमवारी मी गावाबाहेरच्या रस्त्याने हिंडायचो आणि पिकलेल्या बोंडांतून चिमूटभर बी खिशात टाकून आणायचो, बाकीचे तिथेच राहू द्यायचो. अशा पुष्कळ सोमवारांचे आमचे परस झाले आहे. दिवसभर कापाकापी केल्यावर घरी येऊन पुन्हा काही कापायची मला इच्छा होत नसे, म्हणून ही फुले मला मानवली. त्यांना काही लागत नाही. खत तर मुळीच घालू नये, त्याने गवत माजते आणि फुले दबतात. त्यांची खरी नावे पुस्तकांत असतील, घरात आम्ही आमची ठेवली. बुटके पिवळे ते 'बटण'. सगळी आटोपल्यावर पावसाळा सरता सरता आरामात फुलणारी ती 'उशिरा'. आणि जांभळ्या तुऱ्यांची उंच, जी कुंपणावरून सारखी पलीकडे वाकते, तिचे 'डोकावणारी' हे नाव पत्नीने ठेवले.

ती डोकावायची मोजणीदारांच्या बाजूला. त्यांचे आयुष्य लोकांच्या हद्दी ठरवण्यात गेले. माझे झाड त्यांच्या हद्दीत किती शिरले हे ते टेप लावून मोजायचे आणि कुंपणाशी उभे राहून मला ऐकवायचे. बी पलीकडे पडते, रोपे त्यांच्या भाजीच्या वाफ्यात उगवतात, आणि हे अतिक्रमण आहे. एकदा त्यांनी नगरपालिकेत अर्जही दिला. पालिकेचा माणूस आला, परस पाहिले आणि विचारले, "यात तक्रार कुठली आणि गवत कुठलं?" त्यानंतर आम्ही एकमेकांशी बरीच वर्षे बोललो नाही. मी त्यांच्या घरावरून जाताना मुद्दाम मोठ्याने कविता म्हणायचो, हेही नोंदवून ठेवतो.

तीन वर्षांपूर्वी, शरदाच्या सुरुवातीलाच, मला हॉस्पिटलात ठेवले. पत्नी माझ्याजवळ होती. आमचा मुलगा फरशा बसवण्याचे काम करतो, हात अत्यंत साफ, त्याने घातलेल्या फरशीवर गोटी ठेवली तर जागची हलत नाही. बाबा घरी येणार म्हणून त्याने कामावरून सुट्टी घेतली आणि एकट्याने सगळे परस स्वच्छ केले. शरदात ही झाडे वाळून काळी पडतात, पाहणाऱ्याला मेलेली वाटतात. बी त्याच वाळल्या बोंडांत असते, थोडे थोडे गळत असते. त्याने सगळे मुळासकट काढले, जाळले, जमीन सारखी केली आणि मधोमध माझ्या खुर्चीसाठी फरशीचा ओटा बांधला. मला धरून त्याने तिथे नेले. म्हणाला, "बाबा, आता बसा निवांत."

माझ्या डोळ्यांत पाणी आले. मी म्हणालो, छान केलंस.

रात्री पत्नीने मला बजावले, त्याला यातले काही कळता कामा नये, नाहीतर पुन्हा आपल्यासाठी काही करताना त्याचा हात अडखळेल. तिचे बरोबर होते. मुलगा नातेवाइकांना सांगत राहिला की ओटा पाहून बाबा रडले. मीही मान डोलवत राहिलो. ओटा उत्तम आहे. हे मृत्युपत्र मी त्यावरच बसून लिहितो आहे.

पुढच्या वर्षी परसात ओट्याभोवती फक्त गवत आले. शरदात एके सकाळी मोजणीदार दारात उभे. हातात कापडी पिशवी. इतक्या वर्षांनी ते माझ्याशी बोलले ते असे: "तुमची मालमत्ता माझ्या हद्दीत आली होती. ती परत करायला आलोय." पिशवीत बी होते. बटण, उशिरा, डोकावणारी, तिन्ही वेगळ्या पुड्यांत. त्यांनी वाफ्यातली रोपे कधी उपटलीच नव्हती. मी कारण विचारले, तर म्हणाले, "वाद चालू असताना पुरावा नष्ट करायचा नसतो." मग चहा झाला. मग मी एक कविता म्हटली. ते शेवटपर्यंत बसले आणि मी मोजून दोन ठिकाणी चुकलो म्हणाले.

आता परस पुन्हा भरले आहे. ज्याने ते मोडले आणि ज्यांनी परत दिले, त्या दोघांचाही मी सारखाच आभारी आहे. एकाने ते माझ्यासाठी मोडले होते, हे मी विसरत नाही.

कलम ६. माझ्यामागे पहिल्या शरदात परसातले काहीही कापू, उपटू वा जाळू नये. भेटायला येणाऱ्यांना पुढच्या खोलीत बसवावे. कोणी मागे पाहून नाक मुरडले तर मुरडू द्यावे. बी पूर्ण गळल्यावरच वाळके काढावे, मोकळ्या मातीवर नवे बी पसरून पायाने दाबावे, वर माती लोटू नये, त्याला उजेड लागतो. मग थंडी त्याचे काम करील. ही अट मोडली गेल्यास परसाची जागा शेजारच्या मोजणीदारांना जावी.

*(वरील कलम ६ मी आज आडवी रेघ मारून रद्द केले आहे. रेघेखालचे अजून वाचता येते, ते येऊ द्यावे. कारण येणेप्रमाणे.)*

मोजणीदारांना साक्षीदार होण्यास विनंती केली, तेव्हा त्यांनी सगळा मसुदा वाचला आणि परत केला. मृत्युपत्रातून ज्याला काही मिळू शकते त्याने साक्ष घालू नये, हे एक. दुसरे त्यांनी चष्मा काढून सांगितले. "हे पोराला तुमच्या पश्चात कळावं? तेव्हा तो कोणाला विचारणार?"

म्हणून काल मुलाला समोर बसवून कलम ५ व ६ वाचून दाखवले. पत्नी दारात उभी होती, तिने मला थांबवले नाही. वाचून झाल्यावर त्याने ओट्याच्या फरशीवरून बोट फिरवले.

"मी सगळ्यांना सांगत फिरलो, बाबा."

मी म्हणालो, सांगितलेस ते खोटे नव्हते. पाणी दोन्हींसाठी होते. तू सांगत होतास त्यासाठीही होते.

तो म्हणाला, "अर्धं तरी माझं होतं ना?"

मी म्हणालो, जास्त.

मग त्याने चपला काढल्या. म्हणाला, "उठा. यातलं जिवंत कुठलं आणि मेलेलं कुठलं, दाखवा." मी दाखवत गेलो, तो वाकून प्रत्येक बोंड दोन बोटांत धरून पाहत गेला, फरशीची कड पाहतो तसे. बी पसरायला एक कोपरा मोकळा केला. अनवाणी पायांनी दाबताना त्याने माती पुन्हा सारखी करायला घेतली. मी म्हणालो, राहू दे उंचसखल. त्याला ते जमेना, पण त्याने राहू दिले. आईने आतून दोनदा जेवायला हाक मारली, दोन्ही वेळा तोच म्हणाला, आलो, एवढं होऊ दे.

सबब कलम ६ ऐवजी पुढील कलम धरावे:

कलम ६ (नवे). परसाची जागा मुलाला, विनाअट. तिथे काय करावे आणि काय करू नये हे मी लिहून ठेवत नाही. ते त्याला विचारावे.

हे माझे पहिले आणि शेवटचे मृत्युपत्र. वाचून, समजून, पेन झटकून सही केली आहे.

सही: (मृत्युपत्र करणारा)

आमच्यासमक्ष त्यांनी सही केली, ती करताना ते शुद्धीवर व आनंदात होते:
साक्षीदार १: शेजारी, निवृत्त मोजणीदार
साक्षीदार २: दाखला देणारे डॉक्टर

स्थळ: परसातला ओटा
दिनांक: शरदाच्या आरंभीचा सोमवार