हिरवा दिवा

दि. ४ जानेवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

फोनवर तू शिलाईयंत्र चालू ठेवून नुसतं हं हं करतेस, म्हणून कागद घेतला. सोबतचं पार्सल आईसाठी आहे. आमच्या कंपनीची पहिली डबी! सकाळी आठ आणि रात्री आठला घंटी वाजते, आईने झाकण उघडलं की माझ्या पडद्यावर हिरवा दिवा लागतो. नाही उघडलं तर लाल. दर रविवारी तू तिच्या रक्तदाबाच्या गोळ्या भरून ठेवायच्या, बस्स.

नोकरी सोडली हे तुला कळलंच असेल. दुसऱ्या मजल्यावर जागा घेतली, पाटी लावली, अकरा माणसं नेमली. मी आणि माझा जुना दोस्त चष्मिस, दोघे मालक. तो नेहमीसारखा कुरकुरतोय, आधी चार डब्या विकू, मग माणसं घेऊ म्हणतो. घोड्यावर बसायचं तर आधी गाढवावर सराव करा, असला त्याचा हिशेब. आईला डबी आवडली का ते लगेच कळव.

तुझा,
शेठ (तूच ठेवलेलं नाव, आता खरं होणार)

---

दि. १९ जानेवारी

चि. शेठ यांस,
अनेक आशीर्वाद.

डबी पोचली. आईने पदराने पुसून फळीवर ठेवली आणि आल्यागेल्याला दाखवते आहे. आवडली का म्हणून विचारलं तर म्हणाली, छानच आहे, माझ्या लेकाने केली आहे. हे उत्तर डबीबद्दल आहे की लेकाबद्दल, ते तूच ठरव.

वीस वर्षं बायकांचे कपडे शिवतेय, म्हणून एक सांगते. आरशासमोर उभं राहून छान म्हणणाऱ्या गिऱ्हाइकावर मी विश्वास ठेवत नाही. तोंडावर कोण वाईट बोलतं? ती दुसरं कापड घेऊन आली तरच पहिलं बसलं असं मी धरते. तू परक्या चार घरी डब्या देऊन बघ. चष्मिस कुरकुरतो, पण आंधळा नाही.

नव्या गोळीने गरगरतं असं आई परवा म्हणत होती. डॉक्टरांना विचारायचं आहे, पण लग्नसराईच्या कामातून मान वर होत नाही. प्रकृतीला जप, जेवणाच्या वेळा पाळ.

तुझी,
ताई

---

दि. २ एप्रिल

चि. छोटूस,
आईचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र ताईने वाचून दाखवलं. मोठी माणसं तुझ्या कंपनीत भांडवल घालणार आणि तू त्यांना माझा हिरव्या दिव्यांचा तक्ता दाखवणार, हे ऐकून ऊर भरून आला. खुशाल दाखव. तुझी घंटी वाजली की मी असेन तिथून उठते. परवा अंगावर पाणी घेत होते तर तशीच ओली आले. तुझ्या पडद्यावर माझ्यामुळे लाल लागायचं नाही. झाकण तेवढं उघडायचं ना? ते माझ्याकडून चुकणार नाही.

माझी काळजी करू नकोस. थोडं गरगरतं, वयाचं आहे. फोटोत तू बारीक दिसतोस असं ताई म्हणते. कामाच्या नादात उपाशी राहू नकोस.

तुझी,
आई

---

दि. २० मे

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

जिंकलो! भांडवल मिळालं. मी त्या लोकांपुढे फक्त आईचा तक्ता ठेवला. जानेवारीपासून एकही लाल नाही. एक जण म्हणाला, माझी आई असं ऐकेल तर काय हवं. आता खोक्यावर आईचा फोटो छापतोय, हजारो डब्यांची ऑर्डर कारखान्याला दिली.

चष्मिस गेला. भर बैठकीत म्हणाला की झाकण उघडणं म्हणजे गोळी गिळणं नव्हे, आणि आधी दहा घरांत आठवडा-आठवडा बसून बघू. मी म्हणालो, माझी आई खोटी आहे का? दुसऱ्या दिवशी तो किल्ली टेबलावर ठेवून गेला. गेला ते बरंच झालं. बरोबरीने पळायचं सोडून पाय ओढणारा माणूस काय कामाचा? आता सगळे हो म्हणणारे आहेत, कामं भराभर होतात.

आईला नमस्कार सांग. तुझाही हात पाठीवर राहू दे.

तुझा,
शेठ

---

दि. ११ ऑगस्ट

चि. भावास,

आशीर्वाद लिहायला आज हात वळत नाही.

आईला पक्षाघाताचा झटका आला हे फोनवर सांगितलं होतं. तू आलास, दोन दिवस खाटेशी बसलास आणि बैठक आहे म्हणून परत गेलास. तू गेल्यावर जे सापडलं ते फोनवर सांगवेना, म्हणून लिहिते.

डॉक्टर म्हणाले, या बाईंनी कित्येक महिने रक्तदाबाची गोळी घेतलेली नाही. मी त्यांच्याशी भांडले. आमच्याकडे डबी आहे, तक्ता आहे, असं तावातावाने सांगितलं. घरी येऊन तिचं कपाट आवरलं. माझ्या दुकानातला बटणांचा जुना डबा मी तिला दिला होता ना, तो गोळ्यांनी भरला आहे. मोजल्या नाहीत. मोजवल्या नाहीत.

शेजारणीला सगळं ठाऊक होतं. गोळी घेतली की आईला उभं राहवत नसे. शेजारीण तिला म्हणाली, मुलाला सांगा. तर आई म्हणाली, त्याचं प्रगतीपुस्तक आहे ते, माझ्यामुळे त्यात लाल शेरा नको. म्हणून घंटी वाजली की उठायची, झाकण उघडायची, गोळी बटणांच्या डब्यात टाकायची. शेजारणीला शपथ घातली होती.

मी रविवारी रिकामी डबी बघून खूश व्हायचे. गरगरतं हे तिने मला सांगितलं होतं आणि मी लग्नाच्या चोळ्या शिवत बसले. तेव्हा तुला एकट्याला बोल लावत नाही. पण तुझा राग येतो, फार येतो. महिन्यातून एकदा येऊन तिच्यासमोर बसला असतास तर तिची पावलं अडखळताना दिसली असती.

आई बोलू शकत नाही. उजवा हात गेला आहे.

ताई

---

दि. ३० सप्टेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र खिशात घेऊन मी शेवटी त्या दहा घरांत गेलो. चष्मिसने सांगितलं होतं तेव्हा जायला हवं होतं. एका आजोबांनी घंटीचा त्रास होतो म्हणून डबी उशीखाली दाबली होती. एका घरी सून येताजाता झाकण उघडायची, सासूबाईंना पत्ताच नाही. तीन घरांत डबी खोक्यातून बाहेरही आली नव्हती, वर आईचा फोटो हसत होता. दहापैकी एकाने स्वतःहून डबी मागितली असती तरी पुरे होतं.

कंपनी बंद केली. अकराची चाळीस झालेली माणसं एका सकाळी घरी पाठवली. चष्मिसच्या दारात गेलो. त्याने पाणी दिलं, आईची चौकशी केली, आणि पुन्हा बरोबर काम करशील का म्हटल्यावर मान हलवून नाही म्हणाला. मला नाही म्हणणारा तेवढाच होता, त्यालाच मी घालवला.

ताई, एक कळत नाही. सगळ्यांचे दिवे विझले, पण आईचा अजून रोज दोनदा हिरवा लागतो. डबी तू उघडतेस का? यायची हिंमत होत नाही. कोणत्या तोंडाने येऊ?

तुझा,
भाऊ

---

दि. ९ ऑक्टोबर

चि. भावास,
अनेक आशीर्वाद.

मी उघडत नाही. डबीत आता काही नसतंच. गोळी मी माझ्या हाताने देते आणि ती गिळेपर्यंत समोर बसते. गोळीही बदलली, गरगर थांबली. डॉक्टरांना सांगितल्यावर चिठ्ठी लिहायला त्यांना एक मिनिट लागलं.

घंटी वाजली की आई अंग फरफटत फळीपर्यंत जाते आणि डाव्या हाताने झाकण उघडते. मग माझ्याकडे बघते, लागला ना, अशा नजरेने. एकदा मी रागाने डबी उचलून ठेवली. आठ वाजले तशी ती दाराकडे बघून इतकी रडली की पुन्हा जागेवर आणून ठेवली.

तोंडाचं काय घेऊन बसलास, आहे त्याच तोंडाने ये. सकाळी आठच्या आत पोच आणि तिचा तो डावा हात धरून बस, म्हणजे घंटी वाजली तरी तिला उठावं लागणार नाही. त्या दिवशी तुझ्या पडद्यावर लाल लागेल, तो लागू दे.

राग अजून आहे. माया त्याच्याहून जुनी आहे, हे धरून चालावे.

तुझी,
ताई