मॉरिस कोणाच्या हाती द्यायची

घडलेली हकीकत:

१. रविवार, १५ जानेवारी २००६. माट्टुपोंगल, म्हणजे इकडचा बैलांचा सण. जुन्या गाड्यांच्या क्लबची सहल चेन्नईहून तिरुवण्णामलैला निघाली होती. माझी १९३८ची मॉरिस एट जिंजीच्या अलीकडे एका उतारावर बंद पडली.

२. कारण: इंजिनला पेट्रोल पोचवणाऱ्या विजेच्या पंपाचे पॉइंट चिकटले. उपाय: पंपाला बाहेरून हलकेच ठोकणे.

३. मी बॉनेटखाली वाकून म्हणाले, "काहीतरी जड दे." सहचालक विश्वजितने दगड दिला.

४. हा दगड मागच्या चाकाला अडसर म्हणून लावलेला होता.

५. हँडब्रेकची तार ऐन वेळी सैल पडली. पंप सुरू झाला आणि गाडी निघाली. इंजिन बंद होतं. मागच्या सीटवर माझे वडील झोपले होते.

६. विश्वजित "मामा, उठा की हो!" असं बाबांना (इकडे वडीलधाऱ्यांना मामाच म्हणतात) ओरडत धावला, फूटबोर्डावर चढला आणि त्याने खिडकीतून हात घालून स्टिअरिंग फिरवलं. समोर बैल होते, बाजूला उसाच्या मोळ्या. गाडी उसात थांबली.

७. माणसं व बैल सुखरूप. रस्त्याकडेच्या घरातल्या बायका बैलांना ओवाळतच होत्या. त्यांनी गाडीलाही ओवाळलं. बाबांना जाग आली तेव्हा त्यांच्या कपाळावर कुंकू होतं आणि खिडकीत शिंगं रंगवलेला बैल.

या मॉरिसचं बॉनेट बाजूने उघडतं. ते पुढून उघडणारं असतं तर मी गाडीच्या वाटेत उभी असते आणि हा कागद लिहायला उरले नसते. म्हणून मी, प्राची रत्नाकर टिपणीस, वय २८, राहणार अंबत्तूर, चेन्नई, व्यवसायाने ब्रेकची चाचणी घेणारी अभियंता (यावर क्लबात पुरेसं हसून झालं आहे), डोकं ठिकाणावर असताना, कोणीही भरीस घातलेलं नसताना, माझ्यामागे काय कोणाकडे जावं ते ठरवते. याआधी मी मृत्युपत्र केलेलं नाही.

कलम १. बँकेतली शिल्लक आणि प्रॉव्हिडंट फंड आई-बाबांना. यात सांगण्यासारखं काही नाही.

कलम २. माझ्या सगळ्या साड्या आई, सुनंदा टिपणीस, हिला. त्यात न नेसलेली हिरवी कांजीवरम आहे. वेल्लूरच्या रस्त्यावर फॅनबेल्ट तुटला तेव्हा मी आईच्या कांजीवरमचा काठ फाडून, पीळ देऊन, गाठ मारून बसवला होता. काठ कांचीपुरमपर्यंत टिकला. आई म्हणाली, "झालं, साडी माहेरी पोचली." तो काठ रस्त्यात सापडलेल्या कोणत्याही सुट्या भागापेक्षा चांगला होता, हे इथे नोंदवते.

कलम ३. भाऊ कौशिक याला माझा संगणक, पुस्तकं आणि कॅमेरा. हत्यारांतला एकही पाना त्याला मिळू नये. तिरुत्तणीच्या वाटेवर रेडिएटर गळायला लागला, तेव्हा त्याने आईने डब्यात घेतलेलं इडलीचं पीठ आत ओतलं. "गरम झालं की शिजेल, शिजलं की भोक बुजेल," असं तो म्हणाला. तत्त्व बरोबर होतं. भोक बुजलं, बाकीच्या नळ्याही बुजल्या. पुढच्या चढावर टोपण उडालं आणि बॉनेटच्या फटींतून पांढरी वाफ व आंबूस वास यायला लागला. टपरीवाले राजगोपाल बाहेर आले, त्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली आणि गंभीरपणे विचारलं, "सांबार वेणुमा?" सांबार हवं का, हे ऐकून बाबा हसत हसत रस्त्यावरच बसले. आई तेवढी म्हणाली, "उद्याचा नाश्ता होता तो!"

या कौशिकने आता एक गिऱ्हाईक आणलं आहे. एका मंगल कार्यालयाचा मालक इंजिन काढून मॉरिस स्टेजवर ठेवणार आहे, नवरा-नवरीला फोटोसाठी आत बसवायला. आज मला काही झालं तर घरात कौशिकचंच चालेल. आई-बाबा त्याला नाही म्हणू शकत नाहीत. हा कागद मुख्यतः त्यासाठी आहे.

कलम ४. बाबा, रत्नाकर टिपणीस, यांना मॉरिसची मागची सीट, झोपेसह, तहहयात. चेन्नईजवळच्या आवडी गावी कारखान्यात नोकरीला असताना त्यांनी ही गाडी भंगारातून उचलली. ती माझ्या नावावर करताना म्हणाले, "कौशिक तिला विकेल, तू तिला छळशील. छळ परवडला."

कलम ५. मॉरिस, हत्यारं आणि सुटे भाग विश्वजित तुकोजी साळुंके यांना. हे तंजावरकडचे, तांबरमच्या एका कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवतात. भौतिकशास्त्र शिकवूनही उतारावरच्या चाकाखालचा दगड काढतात. मी विचारलं, "तो दगड तिथे कशाला होता, असं वाटलं तुला?" उत्तर मिळालं, "अय्यो, तू जड म्हणालीस की! मी जड तेवढं पाहिलों." तरीही मॉरिस त्यांनाच. दगड कोणीही देईल. सुटलेल्या गाडीवर चढणारे कमी असतात.

अटी: गाडी रस्त्यावर चालती ठेवावी. वर्षातून एक लांबची सहल व्हावी. डिझेल इंजिन बसवू नये. स्टेजवर चढवू नये.

हे कलम माझ्या मृत्यूनंतर लागू होईल. कायद्याने ते बरोबर आहे. मला गैरसोयीचं आहे. माझी तब्येत उत्तम आहे आणि विश्वजितना फार थांबावं लागेल. मॉरिस आणि तिची मालकीण आजवर एकाच पत्त्यावर राहत आल्या आहेत, पुढेही तसंच राहावं. तो पत्ता तांबरमचा झाला तरी माझी हरकत नाही.

हा मसुदा बाबांनी वाचला. म्हणाले, "प्राची, हे मृत्युपत्र आहे की लग्नपत्रिका?" आई म्हणाली, "काही का असेना, हिरवी साडी मी आत्ताच नेसून बघते." कलम २ त्यामुळे बदलावं लागेल.

व्यवस्थापक: ॲडव्होकेट महालक्ष्मी नारायणस्वामी, अंबत्तूर.
साक्षीदार १: वेंकटरमण, क्लबचे सचिव.
साक्षीदार २: (जागा मोकळी)

दोघे साक्षीदार समोर असल्याशिवाय मी सही करणार नाही, म्हणून ती अजून केलेली नाही.

ठिकाण: अंबत्तूर, चेन्नई
दिनांक: २९ जानेवारी २००६

विश्वजित, दुसरा साक्षीदार म्हणून सही करायला तू आपणहून तयार झालास. महालक्ष्मी मामींचं म्हणणं आहे की ज्याला काही मिळणार आहे त्याने साक्षीदार होऊ नये. तू सही करणार असशील तर कलम ५ पूर्ण काढून टाकेन, मॉरिस क्लबला जाईल आणि पत्त्याचं मी पुन्हा विचारणार नाही. सही करणार नसशील तर मामी दुसरा साक्षीदार शोधतील.

दोन्हींपैकी काय ते रविवार, १२ फेब्रुवारीपर्यंत कळव.

प्राची