उबेत ठेवलेले कप

बाई, तुम्हाला जाऊन आता सोळा वर्षं होतील. कॉलेजच्या लॅबमधला तो दिवस तुमच्या लक्षातही राहिला नसेल. प्लेटवरचे यीस्टचे ठिपके न मोजताच मी जर्नलमध्ये आकडा लिहिला होता. तुम्ही जर्नल हातात घेऊन एवढंच विचारलंत, "हा मोजलास, की सुचला?" आवाज चढवला नाहीत. मग शेजारी बसून सगळ्या प्लेट्स माझ्याकडून मोजून घेतल्यात. तुमचा डबा तसाच राहिला.

दोन हजार सहाच्या उन्हाळ्यात मी इथे मिशिगनमध्ये, ट्रॉयजवळच्या एका डेअरीच्या लॅबमध्ये होते. फळं घातलेल्या दह्यात यीस्ट वाढलं की गॅस होतो आणि कपाचं झाकण फुगतं. त्यासाठी घालत असलेलं प्रिझर्व्हेटिव्ह कंपनीला बंद करायचं होतं. मी त्याऐवजी काही चांगले जिवाणू शोधले, दह्यातलेच, यीस्टला डोकं वर काढू न देणारे. फ्रिजमध्ये दही महिनाभर उत्तम टिकलं. फार खूश होते मी. फक्त उबेतली चाचणी उरली होती: ट्रकमध्ये, दुकानात दही जरा तापलं तर? तिला दहा दिवस लागतात. चौथ्या दिवशी साहेब आले. "सोमवारी प्रॉडक्शन सुरू करतोय. रिपोर्ट उद्या हवा." घरी नवरा म्हणाला, "अगं, ग्रीन कार्डची फाइल त्यांच्याच हातात आहे. चार दिवस नीट गेले ना? पुढचेही जातील." मी चाचणी सुरू केल्याची तारीख सहा दिवस मागे नेली, उरलेले रकाने भरले आणि सही केली.

सोमवारी लाइन सुरू झाली. मंगळवारी मी उबेची पेटी उघडते, तर आतले सगळे कप फुगलेले. एकाचं झाकण माझ्यासमोर हळूच उचललं गेलं, आंबूस वास आला. बाहेर ट्रक भरत होते. मी कप काळ्या पिशवीत बांधून टाकून दिले आणि जागेवर येऊन बसले. मग रोज फक्त हवामान बघायचे. जुलैत ऊन तापलं आणि दुकानांतून फोन येऊ लागले.

यीस्ट आलं कुठून, याची चौकशी झाली. लाइन धुण्याचं काम साठीची एक गोरी बाई बघायची. माझ्या पहिल्या हिवाळ्यात तिनेच मला लोकरीचे हातमोजे विणून दिले होते. ती लॅबच्या दारात येऊन उभी राहिली. "तू शिकलेली आहेस, खरं सांग, माझं काय चुकलं?" मी म्हटलं, "एखादा व्हॉल्व्ह नीट धुतला गेला नसेल." तिने मान हलवली. शुक्रवारी तिला काढून टाकलं. यीस्ट थोडंफार सगळीकडेच असतं, बाई, हे तुम्हीच शिकवलं होतंत. ते वाढू द्यायचं नाही, हे काम माझ्या जिवाणूंचं होतं, आणि उबेत ते हरले होते.

मागच्या आठवड्यात ती मला ग्रोसरीच्या दुकानात भेटली, काउंटरवर सामान पिशव्यांत भरत होती. तिनेच हाक मारली. म्हणाली, "तो व्हॉल्व्ह मी उघडून बघायला हवा होता. अजून झोप लागत नाही कधीकधी." मी म्हटलं, "होतं असं."

हे पत्र तुम्हाला लिहिणं सोपं आहे, म्हणून तुम्हाला लिहितेय. तिचा पत्ता माझ्याकडे आहे.