चांदबिबीच्या हातातला बोरू

१२ ऑगस्ट १९५६

पाचवा कागद फाडला. घोडा जमतो, ससाणा जमतो, तलवार तर झोपेतही काढीन — बाईचा चेहरा जमत नाही!

कमिटीला शाळेच्या हॉलमध्ये चांदबिबी हवी आहे. चार फूट बाय सहा, तैलरंगात, दसऱ्याला अनावरण. नोव्हेंबरात भाषावार रचनेत आपल्या राज्याचे तीन तुकडे होणार. अर्धे पालक आत्ताच औरंगाबाद-नांदेडकडे निघालेत. जाणाऱ्यांना आणि राहणाऱ्यांना, दोघांनाही आपली वाटेल अशी दख्खनची राणी भिंतीवर असावी, ही आबासाहेबांची कल्पना. ते वकील, आणि कमिटीचे अध्यक्ष. जाता जाता म्हणाले, "ड्रॉइंगची जागा पुढं ठेवायची का, तेही दिवाळीनंतर बघू, मुकुंदराव." ते सहज बोलले. मी काही सहज ऐकलं नाही.

शेवटी पेटीतून उस्तादांचा चरबा काढला. हरणाच्या पातळ चामड्यावर सुईनं टोचलेलं चित्र. कागदावर ठेवायचं, वरून कोळशाच्या भुकटीची पुरचुंडी आपटायची, की ठिपक्याठिपक्यांनी चांदबिबी खाली उतरते. पांढरा घोडा, हातावर ससाणा, चाफेकळी नाक, वय वीस. विद्यार्थी असताना विचारलं होतं, हे नाक पाहिलं कुणी? उस्ताद हसले होते — "मियाँ, जिनो पैला बनाए, उनो भी नै देखे. पर अब यहीच उनकी नाक है."

१४ ऑगस्ट

पद्मावतीबाईंना गाठलं. त्या इतिहास शिकवतात. नवऱ्यानं टाकल्याला वीस वर्षं झाली; इथंच हिमायतनगरला आंधळ्या वडिलांना घेऊन राहतात. शाळेत सगळे त्यांना वचकून असतात, मीसुद्धा. चरबा दाखवला तर चष्मा वर करून म्हणाल्या, "ही कोण?"

मग सुरूच झाल्या. "तलवारवाली सगळ्यांना हवी असते, मास्तर. पण नगर वाचलं ते तहानं. वऱ्हाड देऊन टाकायच्या कागदावर तिनं मान्यता दिली, तेव्हा वेढा उठला. त्या कागदापुढं बसलेली राणी कुणी काढली आहे का? पुढं चार वर्षांनी कुणीतरी उठवलं — बाई शत्रूला फितूर आहे. तिच्याच माणसांनी आत घुसून तिला मारलं. मग चित्रकार आले, तिला तरुण करून घोड्यावर बसवलं. म्हणजे कुणाला लाज वाटायला नको!"

पुढं म्हणाल्या, "मारणाऱ्यांतल्या एकानं जरी घरी जाऊन खरं लिहून ठेवलं असतं ना, तर मला शिकवायला सोपं गेलं असतं."

"वय काय असेल तहाच्या वेळी?" मी विचारलं. "पंचेचाळीसच्या आसपास. माझ्याएवढी." मी वर पाहिलं. कानशिलावरचे पांढरे केस, ताठ मान, जागून लाल झालेले डोळे. महिनाभर जे शोधत होतो ते समोर उभं!

चित्रासाठी बसाल का, घाबरत घाबरत विचारलं. त्यांनी एकच विचारलं, "घरी शांताबाई असतील ना? मग रविवारी येते."

१९ ऑगस्ट

बाई आमच्या अंबरपेठेपर्यंत बसनं आल्या. खिडकीपाशी सतरंजी, पुढ्यात उतरतं मेज, हातात बोरू. शांता उंबऱ्यात तांदूळ निवडत बसली. ती हलली नाही, बाई हलल्या नाहीत. मीच काय तो तीन तास नाचत होतो.

शांता बिदरकडची, सरकारी शाळेत चार इयत्ता शिकली, त्याही उर्दूत. बाळबोध अक्षर तिला कळत नाही. बाईंना याचंच आश्चर्य वाटलं. "मास्तरांनी नाही शिकवलं?" नाही शिकवलं. लग्नाच्या बावीस वर्षांत सुचलं नाही. ही वही बिनकुलपाची मेजावर पडलेली असते, ती त्याच भरवशावर.

२६ ऑगस्ट

बाईंना गप्प बसवत नाही. मान स्थिर, डोळे कागदावर, आणि तोंडानं शांताची शाळा! ताटातल्या तांदळात बोटानं 'क' काढायला लावला. शांता उजवीकडून सुरू करते. "उल्टं कायकू लिहितात जी हे? किती परेशान करता!" बाई खळखळून हसल्या. त्या हसतात हे मला माहीतच नव्हतं. माझी रेघ हलली, पण ओठाचा कोपरा नेमका सापडला.

९ सप्टेंबर

पांढरे केस जमले. शांतानं कॅलेंडरवरचं 'सप्टेंबर' वाचलं — दोन मिनिटं लागली!

१६ सप्टेंबर

झालं. असं चित्र माझ्या हातून पूर्वी झालं नाही, पुढंही होईलसं वाटत नाही. हातात बोरू आहे, पण अजून टेकवलेला नाही. कागद देऊन टाकायचा आहे आणि द्यावा लागणार आहे, हे तिला कळतं. शांता जवळ येऊन म्हणाली, "हौ, रडल्या नाहीत, पण रडून झालंय."

२३ सप्टेंबर

लिहायचं नव्हतं. पण लिहितो.

आज कमिटीनं चित्र पाहिलं. आबासाहेब म्हणाले, "शरण जाणारी राणी? मुलींनी काय घ्यायचं हिच्यापासून?" मी तहाचं सांगू लागलो, तर हिम्मतराव मध्येच म्हणाले, "चेहरा ओळखीचा वाटतो." त्यांचं धान्याचं दुकान आहे आणि हॉलचं छप्पर त्यांनीच घालून दिलंय, त्यामुळं त्यांना मध्येच बोलता येतं. "ह्या तर आपल्या पद्मावतीबाई! बसल्या होत्या का? कुठं?"

माझ्या घरी, म्हणालो.

"किती दिवस?" पाच रविवार.

"आणि खोलीत दुसरं कोण असायचं?" हे विचारताना ते हसले. बाकीचे चित्राकडं बघू लागले.

इथं दोन शब्द बोलायचे होते — माझी बायको. बोललो नाही.

नोकरीच्या भीतीनं गप्प बसलो असं लिहिलं तर निदान माणसात जमा होईन. पण ती भीती बाहेर आल्यावर आठवली. खरं असं आहे, की हिम्मतरावांचं ते हसणं मला क्षणभर बरं वाटलं. शेचाळीस वर्षांचा ड्रॉइंग मास्तर, कोटाला खडू, ज्याच्याकडं कुणी दोनदा बघत नाही — त्याच्याविषयी असंही वाटू शकतं कुणाला! आणि बायको उंबऱ्यात तांदूळ निवडत बसली होती, हे सांगितलं असतं तर तेवढंही गेलं असतं. मी मान खाली घातली. नुसती खाली नव्हे, लाजल्यासारखी. थूः!

मग आबासाहेबांनी विचारलं, "कल्पना कुणाची?" तेव्हा मात्र तोंड लगेच उघडलं. "बाईंचीच."

२४ सप्टेंबर

शांतानं विचारलं, कमिटी काय बोलली? म्हणालो, तलवार पाहिजे म्हणतात. हे खोटं नाही.

३० सप्टेंबर

बाईंना सांगितलंय — दिवाळीनंतर येऊ नका. लेखी काही नाही. "शाळेच्या नावाचा प्रश्न आहे. मराठवाड्यात शिक्षक कमी आहेत, तिकडं बघा." ऐंशी वर्षांच्या आंधळ्या माणसाला घेऊन त्या नांदेडला कुठं जाणार? तो म्हातारा त्या घरात भिंती चाचपत फिरतो. त्याला तेवढंच घर दिसतं.

जिन्यात भेटल्या. मी बाजूला सरलो. सरळच विचारलं त्यांनी, "मास्तर, शांताबाई घरी असायच्या हे तुम्ही सांगितलंत ना?"

"विषयच निघाला नाही, बाई."

त्या दोन पायऱ्या उतरल्या, मग वळून माझ्याकडं बघितलं. वर्गात खोटं बोलणाऱ्या पोरीकडं बघतात तसं नाही. तसं बघितलं असतं तर बरं झालं असतं. फळ्यावर स्वतःच लिहिलेली चुकीची तारीख दिसावी, तसं बघत होत्या.

७ ऑक्टोबर

चरबा लावला. ओल्या पांढऱ्या रंगाखाली पहिले डोळे गेले. मुद्दाम तेच आधी घेतले, बघत होते म्हणून. मग पांढरे केस. बोरूची तलवार झाली. मनगटाचा कोन तोच होता, फार काम पडलं नाही. मेजाच्या जागी घोडा. संध्याकाळपर्यंत वीस वर्षांची चाफेकळी हजर!

साडेतीनशे वर्षं आम्ही हेच करतो आहोत. मला वाटायचं, पहिल्या चित्रकाराला ती कशी दिसायची हे ठाऊक नव्हतं. आता वाटतं, त्यालाही ठाऊक असेल.

शांता चहा घेऊन आली. कप ठेवला, चित्र पाहिलं. "बाईंना पुसलं?"

"कमिटीची मर्जी."

"आणि मला कुठं पुसलं?"

मी म्हणालो, तू चित्रात होतीसच कुठं? तिला बाहेरून कळलंय. अंबरपेठेच्या नळावर सगळं कळतं. चहा गार झाला, तसाच टाकला.

१४ ऑक्टोबर, दसरा

अनावरण झालं. टाळ्या कडाडून. पोरींनी 'राणीसाहेबांचा विजय असो' म्हणून घोषणा दिल्या. हिम्मतराव म्हणाले, "ह्याला म्हणतात चांदबिबी!" आबासाहेब जवळ जाऊन, चष्मा पुसून — "सही राहिली की, मुकुंदराव!" रंग ओला आहे, म्हणालो. रंग केव्हाच वाळला होता.

पद्मावतीबाई आल्या होत्या. येणार नाहीत असं वाटलं होतं — खरं तर येऊ नयेत असं वाटत होतं. सोनं वाटलं सगळ्यांना. माझ्याही हातावर आपट्याचं पान ठेवलं. चित्रासमोर उभ्या राहिल्या, सहावीच्या पोरींना म्हणाल्या, "घोडा छान आलाय." एवढंच. पान खिशात आहे अजून. टाकवत नाही, ठेववतही नाही.

२१ ऑक्टोबर

आज सांगून टाकायचं ठरवून निघालो. आबासाहेबांचं घर जामबागला, शाळेच्या मागच्या गल्लीत. कोठीच्या स्टॉपला उतरलो. इराण्याकडं एक चहा घेतला. दुसरा घेतला. काय सांगायचं? शांता तिथं होती, हे सांगितलं तर विचारणार, मग त्या दिवशी का नाही बोललात? आणि त्याचं उत्तर ह्या वहीशिवाय कुणाला देऊ शकत नाही. कुणाला म्हणजे कुणालाही!

परत आलो. शांतानं दारातच विचारलं, "झालं काम?" म्हणालो, साहेब घरी नव्हते. आता हेही खोटं! एक झाकायला गेलो की दुसरं उघडं पडतं.

२२ ऑक्टोबर

गेलो नाही.

२५ ऑक्टोबर

बाई वडिलांना रोज संध्याकाळी घराच्या अंगणात फिरवतात आणि नांदेडच्या घराचं वर्णन ऐकवतात म्हणे — दार कुठं, खिडकी कुठं, पायऱ्या किती. त्या घराची चौकशीसुद्धा अजून झालेली नाही. त्या सगळं रचून सांगताहेत. इतिहासाच्या बाई! शांताच सांगत होती. ती तिकडं जात असते, हेही मला आजच कळलं. "अक्षरं राहिलीत अजून," म्हणाली.

१ नोव्हेंबर

वही चार दिवस सापडत नव्हती. सकाळी शांतानं पुढ्यात आणून ठेवली. "मीच नेली होती. सगळी वाचली. जोडाक्षराला टाइम लागतो जी, दोन रात्री गेल्या. मग पहिले बाईंना दिली, आणि मग आबासाहेबांकडं गेले, येताना परत बाईंकडं." तिच्या आवाजात राग नव्हता.

२३ सप्टेंबरचं पान उघडलं. खाली आबासाहेबांची लाल पेन्सिल — "वाचले. बाईंची जागा तूर्त कायम. ५ तारखेला कमिटीपुढे हे पान मुकुंदरावांनी स्वतः वाचून दाखवावे." स्वतः! हिम्मतरावांच्या हसण्याचं बरं वाटलं, तेही. 'थूः'सकट.

त्याखाली बाईंचं फळ्यावरचं अक्षर — "खोलीत आम्ही तिघे होतो." आणि त्याखाली, बोटानं तांदळात काढल्यासारखं मोठं, वाकडं, डावीकडून उजवीकडं — "शांता मुकुंद".

उरलेल्या जागेत एका सहीपुरती जागा होती. केली.