आईच्या मापावर

११ जानेवारी, शनिवार

सिदोनीची स्कीची जोडी स्वयंपाकघरात भिंतीला टेकून उभी आहे. माझ्यापेक्षा उंच. आणि रुंदी! पंजा आडवा ठेवला तरी दोन्हीकडे जागा उरते. आमच्या वेळी एवढ्या लाकडात दोघी बहिणी डोंगर उतरल्या असत्या.

हे सगळं माझ्या तोंडामुळे. गेल्या मार्चमध्ये बेक नोआरच्या कड्यावर पोरीचा गुडघा गेला. शस्त्रक्रिया, कुबड्या, सगळं झालं. परवा डॉक्टरने ‘आता बरा आहे’ म्हटलं, आणि लगेच त्याच कड्यावरून स्कीने उतरायच्या स्पर्धेचं बोलावणं! जेवताना मी सुरू झाले — हा शौर्याचा बाजार आहे! पोरांच्या डोक्यावर जाहिराती चिकटवायच्या आणि त्यांना कड्यावरून सोडायचं! जिच्यावर उभं राहिलं की भीती मरते ती फळी नव्हे, अफू! मूठ टेबलावर. चीजची ताटली उडाली.

“आई, ही ग्रामसभा नाहीये,” सिदोनी म्हणाली.

ग्रातियाँ चीज खरवडत होता. “बोलू दे तिला. आत साठलं की रात्री घोरते.” जन्मभर बचाव पथकात काढलेल्या माणसाला बायकोपासून वाचता येत नाही, हे त्याचं आवडतं रडगाणं.

मग सिदोनी अगदी हळू म्हणाली, “धरणाविरुद्ध बोललीस तेव्हा आधी धरणाच्या पोटात उतरून आली होतीस. ह्या जोडीवरही एकदा उभी राहा. कड्याशेजारच्या उताराने खाली ये. मग सांग. जा म्हणालीस तर जाईन. नको म्हणालीस तर नाही.”

“शब्द?”

“शब्द.”

मुलगी आईचं ऐकणार! लिहून ठेवते, नाहीतर उद्या मलाच खरं वाटायचं नाही.

१३ जानेवारी

रेमोंच्या स्कीच्या दुकानात. बूट अडकवायचे खटके सिदोनीच्या मापाचे होते, माझा पाय लहान. त्याने स्क्रू फिरवून टाचेकडचा खटका पुढे सरकवला.

“काय झिताबाई, धरण संपलं? आता डोंगराविरुद्ध निवडणूक?”

मी प्रश्नांवर प्रश्न. सपाट टेबलावर ठेवली तर दोन्ही टोकं वर का? — सैल बर्फात बुडू नये म्हणून, नावेसारखी. इतकी जड का? — लाकडाच्या थरांत पत्रा आहे. पत्रा कशाला? — वेगात थरथरू नये म्हणून.

“आणि हळू गेले तर?”

“तर ती तुझं काही ऐकणार नाही. ही भित्र्यांची जोडी नाही.”

“मी कधी भ्याले?”

“तोंडाने? कधीच नाही. पायांचं तू बघ.”

हलकट! पण उत्सुकता लागली हे खरं. इतकी पुस्तकं वाचली, पण फळी माणसाकडून वेग मागते हे कुठे वाचलं नव्हतं.

१५ जानेवारी

रोजच्या टणक उतारावर नेली. कपाटाची दोन दारं पायाला बांधल्यासारखं! वळ म्हटलं की विचार करते, मग वळते. मागून ग्रातियाँ ओरडत होता, “सरका, सरका! गाईंच्या झुंजीत जिंकलेली राणी सुटलीय!” रोपवेच्या रांगेतली माणसं हसली. हसा.

१६ जानेवारी

गुडघे ठणकतायत! स्पर्धेविरुद्धच्या भाषणाचा पहिला परिच्छेद आपोआप तयार झाला.

१९ जानेवारी, रविवार

सिदोनीच्या खोलीत चादर बदलायला गेले. तिच्या भिंतीवरचा बेक नोआरचा फोटो कायम उलटा असतो — शिखर खाली, गाव वर. स्पर्धेआधी कड्यावर पाय ठेवायला बंदी असते. पोरं समोरच्या डोंगरावरून दुर्बिणीने वाट ठरवतात, आणि वरून निघाल्यावर काय काय कसं समोर येईल ते कळावं म्हणून फोटो उलटा करून पाठ करतात. मी एकदा तो चुकून सरळ केला तर घर डोक्यावर घेतलं होतं तिने.

आज फोटो सरळ!

विचारलं. म्हणाली, “धूळ पुसताना झाला असेल.”

सिदोनी धूळ पुसते? चमत्कारच.

अजून एक नवल. डॉक्टरने मोकळं करूनही ती स्की करायला गेलेली नाही. म्हणते, “माझी जोडी तुझ्याकडे आहे ना.” कोठीत तिच्या आणखी तीन जोड्या आहेत.

२३ जानेवारी

रात्रभर बर्फ. कुंपण दिसेनासं झालं. ग्रातियाँ म्हणतो, थांब, बसू दे त्याला.

२५ जानेवारी, शनिवार

उतरले!!

बर्फ घसरून कोसळेल का ते बघायला ग्रातियाँने आधी खड्डा खणून थर तपासले. दाबले, ठोकले, मान डोलावली. “जा. एका वेळी एकच. मी बघतो.” मी कडेशी गेले. वरून उतार दिसतच नाही. पायाखालचा खडक, मग नुसती हवा, आणि पार तिकडे गाव. तो उलटा फोटो आता कळला.

पहिल्यांदा भ्याले. रेमों, ऐक — पायांनी भ्याले! मागे रेलले, आणि मागे रेललं की ही जोडी माणसाला घेऊन सुटते. हाक मारायलाही श्वास नाही. तेव्हा कसं कोण जाणे, सभेत करते तेच केलं: पुढे झुकले. खालच्या दरीला काहीतरी पटवून द्यायचं असल्यासारखी.

आणि ते जड लाकूड जागं झालं. गुडघाभर बर्फ, पण मी त्यात नव्हे, त्याच्यावर! टोकं वर, दोन्ही बाजूंनी बर्फाचा धूर, आवाज काहीच नाही. वळायचं मनात आलं आणि वळलेली होते. जितका वेग, तितकी ती शांत. मी मोठ्याने हसत होते — खाली आल्यावर कळलं, रडतही होते.

ग्रातियाँ खाली आला. खिशातून जर्दाळूची दारू काढली. “काय म्हणतेस? अफू?”

“अफूच,” मी म्हटलं. “पण भीती मरत नाही रे. भीती बरोबर येते आणि गाते!”

हे मला माहीतच नव्हतं. ह्या वयात अजून काही माहीत नसणं — केवढी श्रीमंती!

२६ जानेवारी

तयार केलेलं भाषण चुलीत घातलं. खोटं बोलायचं नाही, हा माझा धर्म. जेवायला बसलो तेव्हा उभी राहिले आणि सिदोनीला म्हटलं, “जा! मी चुकले होते. जा, आणि मी खाली उभी राहून सगळ्यांत मोठ्याने ओरडेन!”

ती म्हणाली, “तू नको म्हणशील अशी खात्री होती मला.”

“बघ! म्हातारी बदलते!”

“हो,” म्हणाली. ताटल्या उचलल्या, आमच्या अर्धवट खाल्लेल्यासुद्धा.

पोरीला आनंद दाखवता येत नाही. बापावर गेलीय.

२ फेब्रुवारी

स्पर्धेला होकार कळवायची मुदत उद्यापर्यंत. आठवण केली. “हो गं आई, कळवते.” संध्याकाळी पुन्हा केली. तिने खोलीचं दार लावून घेतलं. गुडघा दुखतोय का विचारलं तर “गुडघ्याचं काही नाही.” मग कशाचं?

३ फेब्रुवारी

जोडी घेऊन रेमोंकडे गेले. म्हटलं, खटके पुन्हा सिदोनीच्या मापावर आण, आज ती होकार कळवतेय.

त्याने हत्याराला हात लावला नाही. “ती काल येऊन गेली. म्हणाली, आईच्या मापावरच राहू दे.”

घरी आले ती थेट तिच्या खोलीत. फोटो अजून सरळच. गावातून आपण सगळे बघतो, तसा डोंगर.

धूळ म्हणे!

आयुष्यभर मी ह्या गावाला, धरणाला, पुढाऱ्यांना नको, नको म्हणत आले. आणि माझ्या ‘नको’ची वाट बघत एक माणूस माझ्याच टेबलाशी बसलं होतं.

खाली आले. ती राईचा पाव कापत होती, माझ्याकडे पाठ. मी उभी राहिले. एवढं छोटं भाषण जन्मात केलं नव्हतं.

“जाऊ नकोस.”

तिने सुरी खाली ठेवली.

“किती वेळ लावलास, आई.”