गेलेला नवरा पुन्हा जेवायला बसतो

अण्णा,

मी सध्या अमेरिकेत, रेडमंडला लेकीकडे असते. यजमान गेल्यावर तिने मला इकडे आणलं, त्याला तीन वर्षं होतील. दुपारी घरात कुणी नसतं, मग मी चालत लायब्ररीत जाते. चौथीनंतर शाळा सुटली तरी वाचायचं मी सोडलं नाही. आता अडखळत का होईना, इंग्रजीही वाचते. तिथे मला एका बाईंचे सिनेमे सापडले. बाई जॉर्जियाच्या, रशियाला लागून एक लहानसा देश आहे तिथल्या. माझ्यापेक्षा लहान, अजून सिनेमे करतात. त्यांच्यात मारामारी नसते. बायका अक्रोड कुटतात, पाहुणे जेवून उठायचं नाव घेत नाहीत, आणि कॅमेरा स्वयंपाकघराच्या दारात नव्या सुनेसारखा उभा, जागचा हलत नाही.

एका सिनेमात म्हातारा नवरा मरतो. त्याला पुरतात, लोक जेवून जातात. आणि लगेच पुढे तोच टेबलाशी बसून बायकोला म्हणतो, चटणीत मीठ कमी आहे. मी डीव्हीडी बंद केली. दुसऱ्या दिवशी लायब्ररीतल्या मुलीला सांगितलं, याची रिळं मागेपुढे लागली आहेत. तिने बिचारीने लावून पाहिली, डबीवरचा मजकूर वाचला आणि म्हणाली, दिग्दर्शिकेने मुद्दामच तसं केलंय. लेकीला सांगितलं तर ती हसत सुटली. "आई, तू कंप्लेंट केलीस? सीरियसली?"

मी तरी काय करणार, तुमची मुलगी. जत्रेच्या तंबूत तुम्ही सिनेमाचं मशीन चालवायचात आणि मी रिळांचे डबे हाताशी द्यायचे. एकदा पाचच्या आधी सहा नंबरचा दिला. हिरो मेला, बाया पदर डोळ्यांना लावून बसल्या, आणि मग तोच औत हाकत आला. "आरं, ह्यो तर मघाशी गेला की," पुढून कुणी म्हणालं आणि सगळा तंबू हसला. तुम्ही मारलं नाहीत. एवढंच म्हणालात, "लोक खरं रडतात, पोरी. गेलेला माणूस परत आणून त्यांची थट्टा करायची नाही." ते मी फारच मनावर घेतलं. हे गेल्यावर यांचा चष्मा, चपला, सगळं आठवड्यात देऊन टाकलं. लेक विषय काढायची, मी भाजी चिरायला घ्यायचे. हळूहळू तिने विचारणंच सोडलं. ती माझ्यापासून लांब चालली होती आणि मला ते दिसत होतं.

रविवारी आम्ही दोघींनी तो सिनेमा लावला. मिठाचं वाक्य आलं तशी ती म्हणाली, "बाबा न चाखताच मीठ घ्यायचे."

"माझ्या हातावर भरवसाच नव्हता त्यांचा," मी म्हटलं.

ती हसली, मग रडली. मी तिला गप्प केलं नाही. सिनेमा तसाच चालू राहिला.

आता रोज जेवताना यांचा विषय निघतो. काल सांगितलं, लग्नानंतर पहिल्यांदा आपल्याकडे आले तेव्हा हे आधी चुकून शेजारच्या घरात शिरले, तिथे चहा पिऊन, पाया पडून मग आपल्या दारात आले. तुम्हाला आम्ही ते कळू दिलं नव्हतं. लेक म्हणते, "आई, यू आर मेकिंग इट अप." थोडं वाढवते मी, पण फार नाही. बरं चाललंय, अण्णा.

हे पत्र कुठल्या पत्त्यावर टाकणार? तुम्ही असतात तरी टाकलं नसतं. तुम्ही कधी आवाज चढवला नाहीत, पण मला अजून तुमची भीती वाटते.