सुनीची पहिली गाडी

चैत्र, सोमवार. चारा छावणी, उदगीरजवळ.

आज लिहायला फार उशीर झाला, माझी मलाच माफी. सगळी संध्याकाळ फोनकडे बघण्यातच गेली.

पुण्याबाहेरच्या वस्त्यांकडे जाणारी नवी मेट्रो आज लोकांसाठी सुरू झाली, आणि ती चालवायला माझी लेक सुनी आहे. मला बोलावलं होतं तिनं. पण दुष्काळापायी बैल इथे छावणीत आणलेत, ते कुणाच्या भरवशावर सोडू? घरात आता मी एकटाच.

काल फोनवर म्हणाली, "आबा, आला असता तर डब्यात बसवलं असतं."

"आन् तू?"

"मी पुढं. मधलं दार बंद असतंय."

"मग बोलतीस कुणाशी?"

"बोलायचं नसतंय आबा. रुळाकडं बघायचं."

ते बंद दार काही डोक्यातून जात नाही. गाडी हाकताना मी बैलांशी तरी बोलायचो. तिला आत घेरी आली तर? मागच्यांना कळेल का?

शेजारच्या दावणीचे शिवलिंगप्पा म्हणाले, "पोरगी गावभर माणसं घेऊन पळायलीय, आन् तुम्ही दोन बैलांपायी अडकलाव." हसले, आणि पुन्हा नव्या जिल्ह्याच्या गप्पांत रमले. उदगीर जिल्हा झाला की पोरं परत येतील म्हणे. सुनी कशाला येईल? इथे कुठली मेट्रो?

ते दार आतून उघडतं का, एवढंही विचारलं नाही मी.

सुनी, आता तुझी ड्यूटी संपली असेल. जास्त बोलू नकोस. नुसतं "पोचले आबा" एवढं लवकर कळव.